राणीच्या बागेतले डॉक्टर

शिक्षक मित्रांनो, पालकहो, भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलात की मुलं थेट पेंग्विनकडे पळतात. पळू द्या! पण आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते कोण होते, हे आत शिरण्याआधी मुलांना जरूर सांगा.

भाऊंचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. मूळ गाव गोव्यातलं मांद्रे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकताना त्यांनी कच्छ-काठियावाडातल्या मुलींच्या बालहत्येवर निबंध लिहिला आणि बक्षीस मिळवलं. (निबंधाला असा विषय! आपण मात्र अजून 'माझा आवडता प्राणी'च देतो.) पुढे १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

डॉक्टर तर झालेच, पण गरिबांसाठी त्यांनी भाऊ नारायण यांच्यासह धर्मार्थ दवाखानाही काढला. त्या काळी महारोग झालेल्या माणसाला घरचेही दूर लोटत. भाऊ अशा रोग्यांना तपासत आणि कडू कवठाच्या बियांपासून केलेलं औषध देत. उरलेल्या वेळात काय, तर जुने शिलालेख वाचणं! जुनागढचा रुद्रदामनचा लेख त्यांनी अभ्यासला, कालिदासाच्या काळावरही लिहिलं. मुलींच्या शाळांसाठी झटले ते वेगळंच.

आता बागेकडे येऊ. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग लोकांसाठी खुली झाली. तिथे मुंबईकरांसाठी संग्रहालय व्हावं म्हणून भाऊ, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणी जमवली. काम सुरू झालं, आणि १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला. नाना त्याच वर्षी गेले. भाऊंची सगळी कमाई बुडाली. तरी माणूस रोग्यांना तपासत राहिला, लेख वाचत राहिला; दोनदा मुंबईचा शेरीफही झाला. संग्रहालयाचं काम शेवटी सरकारी पैशातून पुरं झालं आणि २ मे १८७२ रोजी दार उघडलं. जेमतेम दोन वर्षांनी, ३१ मे १८७४ ला, भाऊ वारले.

दारावर तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं. भाऊंचं नाव लागायला १९७५ साल उजाडलं.

आत गेलात की मातीच्या छोट्या बाहुल्या बघायला विसरू नका. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, धंदे, सगळं त्यांत दिसतं. मुलं तिथे हमखास रेंगाळतात. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्तीही आहे. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतं.