पहिले चार अंक

इलेक्टिव्ह निवडायच्या दिवशी मी नाटकाचा कोर्स का घेतला, ते आधी खरं सांगून टाकते. नाटकाची आवड वगैरे काही नव्हती. मी बी.कॉम.ची. माझ्या रूममेटने रंगभूमीची तोंडओळख या विषयासमोर टिक केली, म्हणून मीही केली. तीन क्रेडिट, लेखी पेपर छोटा, बाकी सगळं वर्गातलं काम. सोपं जाईल असं वाटलं. घरी मात्र बोलले नाही. मी टॅलीचा कोर्स घ्यावा असं बाबांच्या मनात होतं.

पहिल्याच तासाला कळलं की हे प्रकरण सोपं नाही. सरांनी बाकं भिंतीला सरकवायला लावली आणि सगळ्यांना हॉलभर नुसतं चालायला सांगितलं. चालायचं, थांबायचं, समोर येईल त्याच्या डोळ्यांत बघायचं. मग जोड्या करून आरशाचा खेळ. तिसऱ्या तासाला एकेकाने पुढे येऊन आपल्या गावाविषयी बोलायचं होतं, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असं. मी सौंदत्तीकडची. शाळा कानडी, घरात मराठी. माझ्या मराठीला कानडी हेल आहे, आणि घाई झाली की मधेच कानडी शब्द येतात. मी चार वाक्यं बोलले असेन नसेन, मागून कुणीतरी हसलं. वाईट हेतूने हसलं नसेलही. पण माझा आवाज तिथेच बसला. कोर्स बदलायची मुदत कधीपर्यंत आहे, ते मी त्याच दिवशी ऑफिसात विचारून आले. दहा दिवस होते.

त्याच आठवड्यात असाइनमेंट मिळाली. रंगभूमीवरच्या एका माणसाचं आयुष्य वाचायचं, लिहायचं आणि दहा मिनिटं वर्गापुढे उभं राहून सांगायचं. सरांनी यादी फिरवली. माझ्यापर्यंत येईस्तोवर बालगंधर्व, देवल, खाडिलकर सगळे वाटले गेले होते. उरलेल्यांत एक नाव होतं बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर, आणि पुढे जन्मगाव, गुर्लहोसूर. गाव वाचून मी थबकलेच. गुर्लहोसूर आमच्या सौंदत्तीच्या शेजारचं. हे पंपवाले किर्लोस्कर का, असं मी विचारलं आणि वर्ग पुन्हा हसला. पंपवाले म्हणजे लक्ष्मणराव, तेही गुर्लहोसूरचेच, पण त्यांचा जन्म १८६९ चा. माझ्या वाट्याला आलेले किर्लोस्कर त्यांच्याही आधीचे.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. हे साल मी वहीत दोनदा लिहिलं, कारण ते आधीच एकदा लिहून झालं होतं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा खेळ केला होता. आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याच दिवसाचा. म्हणजे मराठी नाटक आणि मराठी संगीत नाटक उभं करणारा माणूस, दोघं एकाच वर्षातले. भाव्यांना तो खेळ सुचला तो कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, हेही तिथेच वाचलं. मराठी नाटकाच्या पहिल्या पानावरच कानडी आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णासाहेबही दोन्ही भाषांतच वाढले. लहानपणी घरीच मराठी आणि कानडी शिकले. त्यांच्या नावातला अण्णाही बघा, कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. पुढे इंग्रजी शिकायला धारवाडला आणि मग पुण्याला गेले. घरच्यांची अपेक्षा काय असणार, पोरगा शिकेल, सरकारी नोकरीत चिकटेल. पण पुण्यात नाटक मंडळ्या होत्या आणि यांना पदं रचता येत होती. मंडळ्यांना पदं करून देता देता अभ्यास मागे पडला. शिक्षण अर्धवट राहिलं.

१८६६ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची मंडळी काढली, भरतशास्त्रोत्तेजक मंडळी. नाव एवढं भारदस्त, पण मंडळी काही टिकली नाही. मग बेळगावात येऊन शिक्षक झाले. हे वाचताना मला जरा गंमत वाटली. आपण ज्या गावात दुपारच्या सुट्टीत चहा पीत फिरतो, त्याच गावात हा माणूस वर्गावर शिकवायला जात होता. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी होता गोविंद बल्लाळ देवल. म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी या दुष्ट रूढीवर संगीत शारदा लिहिणारे देवल ते हेच. शाळेत शिकवायला आलेल्या मास्तरांना नाटकाचं वेड असलं की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणून मी हे वहीत अधोरेखित केलं.

नोकरी चालू होती, संसार चालू होता, पण लिहिणं सुटलं नाही. १८७३ साली त्यांचं शांकरदिग्जय हे नाटक आलं. ते गद्य. अल्लाउद्दीनाच्या चितोडवरच्या स्वारीवर आणखी एक लिहायला घेतलं, ते पुरं झालं नाही. पुढे ते पुण्याला रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला गेले. वय पस्तिशी ओलांडलेलं. शिक्षण अर्धवट, मंडळी बुडालेली, एक नाटक अर्ध्यावर सोडलेलं. इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं. यात वर्गापुढे सांगण्यासारखं काय आहे, तेच मला कळेना. आमच्या नात्यातल्या कुणाचं असं आयुष्य असतं, तर लग्नकार्यात त्याच्याविषयी हळू आवाजात बोलले असते.

मग १८८० साल आलं. पुण्यात एका पारशी नाटक मंडळीचा गाण्यांनी भरलेला खेळ त्यांनी पाहिला. असं मराठीत का होऊ नये, हे त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी कालिदासाचं शाकुंतल हातात घेतलं आणि त्याचं मराठी संगीत नाटक करायला लागले.

यात नवं काय होतं, हे समजून घ्यायला मला आमचा कोर्सच कामी आला. सरांनी एकदा आम्हाला जुन्या पौराणिक नाटकाची पद्धत करून दाखवली होती. एकजण सूत्रधार होऊन बाजूला उभा राहतो आणि सगळ्यांची गाणी तोच म्हणतो. पात्रं पुढे येऊन आपापल्या परीने, ऐनवेळी सुचेल तसं बोलतात. म्हणजे दुःख एकाचं, गाणं दुसऱ्याचं. भाव्यांच्या काळापासून नाटक असंच चाललं होतं. अण्णासाहेबांनी गाणं ज्याचं त्याला दिलं. शकुंतलेचं दुःख शकुंतला गाईल, कण्वाचं कण्व गाईल, आणि कुणी काय बोलायचं तेही आधी लिहिलेलं असेल. आज ऐकायला साधं वाटतं. पण आम्ही वर्गात दोन्ही तऱ्हेने तोच प्रसंग करून बघितला, तेव्हा फरक अंगावर आला. दुसऱ्या वेळी गाणारी मुलगी खरंच रडवेली झाली.

शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं होती. त्यांच्या चाली कुठून आणल्या? कीर्तनातून साकी, दिंडी घेतल्या. शास्त्रीय संगीतातून राग घेतले. लोकांच्या तोंडातल्या चाली घेतल्या, आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कर्नाटकी चालीही घेतल्या. हे कीर्तनातलं, हे देवळातलं, हे पलीकडच्या भाषेतलं, म्हणून काही बाजूला ठेवलं नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या कानात जे जे साठलं होतं, ते सगळं त्यांनी कालिदासाच्या गोष्टीला दिलं. माझ्या ज्या हेलाची मला लाज वाटत होती, तसाच एक हेल मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांत कुठेतरी आहे. मला हे मोठं वाटलं.

पण माझं मत खरं बदललं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. मुदतीचे दोनच दिवस राहिले होते. वाचनालयात बसून तारखा उतरवत होते. ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, आनंदोद्भव थिएटर, संगीत शाकुंतलचा पहिला प्रयोग. आणि पुढे लिहिलं होतं, पहिले चार अंक. मला वाटलं छपाईची चूक असेल. शाकुंतल तर सात अंकांचं. दुसऱ्या पुस्तकात बघितलं, तिथेही चारच. म्हणजे सात अंक तयार होईपर्यंत हा माणूस थांबलाच नाही. चार झाले, चार घेऊन रंगमंचावर उभा राहिला. स्वतः सूत्रधार झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला. शकुंतला चौथ्या अंकात सासरी निघते आणि त्या रात्रीचं नाटक तिथेच संपलं. पुढे राजा तिला ओळखत नाही, अंगठी सापडते, ते सगळं मागाहून. लोकांनी ते अर्धं नाटक डोक्यावर घेतलं.

मग मी बाकीच्या तारखा बघितल्या. संगीत सौभद्र, १८ नोव्हेंबर १८८२, पहिले तीन अंक. पाचही अंक पुढच्या मार्चमध्ये. रामराज्यवियोग, २० ऑक्टोबर १८८४, पुन्हा तीन अंक. प्रत्येक वेळी तेच. सौभद्र तर आजही होतं. संन्याशाच्या वेषातला अर्जुन, रुसलेली सुभद्रा आणि सगळं ठाऊक असून गालात हसणारा कृष्ण. महाभारतातली गोष्ट, पण वाटतं शेजारच्या वाड्यात लग्नाची बोलणी चाललीत. सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करायचे. भाऊराव मूळचे बडोद्याचे, १८८२ साली मंडळीत आले आणि त्यांच्या आवाजाने गावंच्या गावं वेडी झाली.

रामराज्यवियोगाचे पुढचे अंक मात्र आले नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब वारले, गुर्लहोसूरलाच. वय बेचाळीस. मी बोटांवर हिशेब केला. शाकुंतलचा पहिला प्रयोग ते मृत्यू, यांत पाच वर्षं आणि दोन दिवस. मराठी संगीत रंगभूमीचा पाया म्हणतात तो एवढ्याच दिवसांत घातला गेला. किर्लोस्कर मंडळी त्यांच्यामागेही चालत राहिली. देवलांची शारदा याच मंडळीने १८९९ मध्ये केली. १९०५ साली याच मंडळीत नारायण राजहंस नावाचा एक मुलगा आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. तेच आपले बालगंधर्व. यातलं काहीच अण्णासाहेबांनी बघितलं नाही.

वाचनालयात बसून मी एकच विचार करत होते. हा माणूस सातही अंक पुरे होईपर्यंत, नोकरीतून निवृत्त होईपर्यंत, सगळं नीट जमेपर्यंत थांबला असता तर? थांबायला कारणं भरपूर होती. पण तो थांबला असता तर रामराज्यवियोगाचे ते तीन अंकही कुणी बघितले नसते, आणि कदाचित शाकुंतलही नाही. मला आधी माझी मराठी सुधारायची होती, मग बोलायचं होतं. आधी भीती घालवायची होती, मग उभं राहायचं होतं. त्या हिशेबाने माझे सात अंक कधीच पुरे झाले नसते.

ऑफिसात गेले नाही. मुदत गेली.

माझा नंबर आला त्या दिवशी सभागृहात ख्रिसमसच्या कार्यक्रमाचा मंच अर्धा बांधलेला होता, त्याच्याच फळ्यांवर मी उभी राहिले. सुरुवात बरी झाली. पारशी मंडळीच्या खेळापर्यंत आले आणि पुढचं वाक्य विसरले. पूर्ण शांतता. मग माझ्या तोंडून एक कानडी वाक्य गेलं, पुढचं आठवेना, अशा अर्थाचं. वर्ग हसला. या वेळी मीही हसले, आणि मग गाडी सुटली. वेळ संपल्याची सरांनी खूण केली तेव्हा मी सौभद्रापर्यंतच पोचले होते. शेवट सांगायचा राहून गेला. जागेवर जाताना मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं की पुढे त्यांचं काय झालं. बहुतेक तोच, पहिल्या वेळी हसलेला. त्याला तास संपल्यावर जिन्यात उभं राहून बाकीचं सांगितलं.

मार्क ठीकठाक पडले, फार नाही. आवाज अजून शेवटच्या रांगेत नीट पोचत नाही, असा शेरा आहे, आणि तो खरा आहे.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना कोर्सचं सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, किर्लोस्कर म्हणजे आपल्या मोटारीवर नाव आहे तेच का. मी म्हटलं, नाही, पण गाव तेच. टॅलीचं पुढच्या सेमिस्टरला बघू म्हणाले. जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं, त्या माणसाने नोकरी सोडली होती का. मी म्हटलं, बसा, पहिल्यापासून सांगते.