टेबलामागचा माणूस : एडगर कॉड

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला आपण चौकोनात एन्टिटी, शंकरपाळ्यात रिलेशनशिप काढतो आणि मग त्यांची टेबलं करतो. ही ईआर डायग्राम पीटर चेन यांनी 1976 मध्ये आणली. पण टेबलांची कल्पना त्याआधीची, एडगर कॉड यांची. व्हायव्हाला त्यांचं फक्त नाव विचारतात, म्हणून हा लेख.

कॉड यांचा जन्म 1923 चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित आणि केमिस्ट्री शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये पायलट होते. 1948 मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये लागले. 1953 मध्ये सिनेटर मॅकार्थींनी अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायचा धुमाकूळ घातला, तेव्हा वैतागून सरळ कॅनडाला गेले. नंतर परतले आणि 1965 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली!

त्या काळी डेटा झाडासारखा किंवा जाळ्यासारखा साठवायचे. प्रोग्रामरने पॉइंटर धरून वाट शोधत जायचं. साठवायची रचना बदलली की प्रोग्रामही बदला! कॉड यांनी 1970 च्या पेपरमध्ये सुचवलं, की डेटा साध्या टेबलांत ठेवा. काय हवं ते युजरने सांगावं, कसं शोधायचं ते मशीनने बघावं. नॉर्मलायझेशनही त्यांचंच. एकाच विद्यार्थ्याचा पत्ता दहा ठिकाणी लिहिला आणि एकाच ठिकाणी बदलला, तर खरा कुठला?

गंमत बघा, अडथळा घरातूनच आला. आयबीएमचं आयएमएस हे जुन्या पद्धतीचं प्रॉडक्ट चांगलं चाललं होतं, मग नवीन कशाला? पण कॉड गप्प बसले नाहीत. 1974 मध्ये त्यांनी नेटवर्क मॉडेलवाल्या चार्ल्स बाकमन यांच्याशी जाहीर वाद घातला. पुढे आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रोजेक्टमधून एसक्यूएल जन्मलं. तरी बाजारात ओरॅकल आधी उतरलं, 1979 मध्ये. आयबीएमचं प्रॉडक्ट आलं 1981 मध्ये, आणि त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

तरीही त्यांचं समाधान झालं नाही. कोणीही आपल्या प्रॉडक्टला रिलेशनल म्हणायला लागलं, तेव्हा 1985 मध्ये त्यांनी बारा नियम छापले. मोजले तर तेरा भरतात, कारण सुरुवात शून्यापासून!

2003 मध्ये फ्लोरिडात ते गेले. नोकरी ज्या कंपनीत, तिच्याच चालत्या धंद्याला चुकीचं म्हणायला हिंमत लागते. पुढच्या वेळी प्रायमरी कीखाली रेघ मारताना त्यांची एवढी आठवण ठेवूया.