बांधकाम करणाऱ्या अहिल्याबाई

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला राजमाता जिजाऊंचा जन्म झाला, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. जिजाऊंच्या जन्मानंतर सव्वाशे वर्षांनी महाराष्ट्रात आणखी एक थोर बाई जन्मल्या. त्यांचे नाव अहिल्याबाई होळकर. त्यांनी राज्य तर केलेच, पण घाट, विहिरी, मंदिरे आणि धर्मशाळाही बांधल्या. आज जी कामे इंजिनियर लोक करून घेतात, तशी कामे त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी करून घेतली. म्हणून मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना कोणी शिकवत नसे. पण माणकोजींनी आपल्या मुलीला घरीच लिहायला वाचायला शिकवले. हे फार मोठे काम झाले, कारण पुढे सगळे त्याच्यावरच चालले.

१७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या फक्त ८ वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलींएवढ्या! सासर माळव्यात होते. आपल्या जळगाव जामोदच्या वर सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो, त्याच्याही पुढे माळवा आहे.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मरण पावले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. पण मल्हाररावांनी त्यांना अडवले. सुनेला घरात बसवून न ठेवता त्यांनी तिला कामाला लावले. हिशेब, पत्रे, वसुली, न्यायनिवाडा, सगळे त्या शिकल्या. १७६५ साली मल्हाररावांनी त्यांना पत्र पाठवून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगितले. तोफखाना नेणे सोपे नसते. जड तोफा बैलांनी ओढत न्याव्या लागत. नदी आली की उतार शोधावा लागे. दारू कोरडी ठेवावी लागे. असे काम मल्हाररावांनी सुनेवर सोपवले, म्हणजे त्यांचा तिच्यावर किती विश्वास असेल!

१७६६ साली मल्हारराव वारले आणि १७६७ साली अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव पण वारला. आता बाईमाणूस राज्य काय चालवणार, असे काही लोकांना वाटले. राघोबादादा फौज घेऊन आले. तेव्हा अहिल्याबाईंनी त्यांना निरोप पाठवला, अशी गोष्ट सांगतात. मी हरले तर मला कोणी हसणार नाही, पण तुम्ही एका बाईकडून हरलात तर सगळे हसतील, असा तो निरोप होता. लढाई झाली नाही. माधवराव पेशव्यांनी राज्याचा कारभार अहिल्याबाईंकडेच दिला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे राहिले.

अहिल्याबाईंनी नर्मदेच्या काठी महेश्वरला राजधानी केली. तिथे दगडी घाट बांधले. घाट कशासाठी, तर पावसाळ्यात नदी वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. पायऱ्या असल्या की पाणी कुठेही असो, माणूस पाण्यापर्यंत जातो. घसरत नाही आणि काठही ढासळत नाही. हे घाट आजही उभे आहेत. महेश्वरला त्यांनी विणकरांना आणून वसवले. महेश्वरी साडी तिथलीच.

त्यांनी ठिकठिकाणी विहिरी आणि बारवा पण बांधल्या. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सिंदखेडराजाची पुतळा बारव पुष्कळांनी पाहिली असेल. पाणी खाली गेलं की आपणही पायऱ्या उतरून खाली जायचं. दोर-बादली नसली तरी वाटसरूची तहान भागते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात विहिरी आटतात, म्हणून आम्हाला याचं महत्त्व लवकर कळतं.

काशीचे विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० साली बांधले. आपल्याला जवळचे म्हणजे वेरूळचे घृष्णेश्वर मंदिरही त्यांनीच पुन्हा बांधले. काशी महेश्वरपासून शेकडो मैल दूर आहे. तेव्हा आगगाडी नव्हती, फोन नव्हता. पत्रे लिहून, भरवशाची माणसे नेमून आणि हिशेब तपासून त्या कामे करून घेत. यासाठी पैसा त्या आपल्या खासगीतून देत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या वारल्या. तेव्हा त्यांचे वय ७० होते. २८ वर्षे त्यांनी राज्य केले.

आमच्या बाईंनी आम्हाला ए. ललिता यांचीही माहिती सांगितली. त्या मद्रासकडच्या. १८ व्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा त्यांची मुलगी ४ महिन्यांची होती. पण वडील पाठीशी उभे राहिले. गिंडीच्या कॉलेजात शिकून १९४३ साली त्या इलेक्ट्रिकल इंजिनियर झाल्या. भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामातही त्यांचा हात होता. ललिताबाईंना वडील भेटले, अहिल्याबाईंना वडील आणि सासरे भेटले. मला वाटते, हुशारी तर पुष्कळ मुलींत असते. पण घरातल्या कोणीतरी आधी पाटी द्यावी लागते आणि मग काम द्यावे लागते.

आमच्या शाळेत ४ थीपर्यंतच वर्ग आहेत. जूनपासून ५ वीला दुसऱ्या गावी जायचे आहे. आमच्या वर्गातल्या काही मुलींच्या घरी अजून काही ठरले नाही. खेड्यातल्या मुलींना ५ वीपासून शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाईंचेच नाव आहे! इंजिनियरिंगचे कॉलेज तर आपल्याच जिल्ह्यात, शेगावला आहे. म्हणून हे भित्तिपत्रक वाचायला आलेल्या सर्व पालकांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या मुलींचा पास काढावा. माझ्या बाबांनी माझा काढायचं कबूल केलं आहे.

अशा या पुण्यश्लोक अहिल्याबाईंना माझा नमस्कार.

– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी