विश्लेषण : देवळालीच्या शिक्षकाचा आकड्यांचा छंद जगभर कसा पोहोचला?

नाशिकजवळच्या देवळालीत ३२ वर्षे शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फावल्या वेळेत कागद-पेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळत बसत. त्या खेळात सापडलेली ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते. मात्र, याला गणित म्हणायचे की निव्वळ करमणूक, या प्रश्नाने हयातभर त्यांची पाठ सोडली नाही.

छंद लागला कुठे?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती घरातच. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदवी घेतली. पुढचे शिक्षण मात्र झाले नाही. १९३० मध्ये ते देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

देवळालीत काय होते?

देवळाली हे लष्करी छावणीचे छोटे गाव. विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा गणितावर चर्चा करणारे सहकारी जवळ नव्हते. शाळा सुटल्यावर मिळणारा निवांत वेळ तेवढा होता. कापरेकरांच्या खेळाला तेवढे पुरेसे होते. एखादी संख्या घ्यायची, तिचे अंक उलटसुलट करायचे, बेरीज-वजाबाकी करून पाहायची आणि तेच उत्तर पुन्हा आले की ते का आले याच्या मागे लागायचे, ही त्यांची पद्धत. संगणक नव्हता, सगळी आकडेमोड हातानेच. १९४६ मध्ये अशाच खटाटोपात त्यांना ६१७४ सापडली.

६१७४ चे कोडे काय आहे?

मोबाइलमधील कॅल्क्युलेटर उघडून हे करून पाहता येईल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ, १९०५.
९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी उत्तर ६१७४ च येते. सुरुवात कोणत्याही संख्येने करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचता येते. १९०५ ला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या.

असे का होते?

या वजाबाकीत मूळ संख्येपेक्षा दोनच गोष्टींना महत्त्व असते. पहिली, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातील फरक. दुसरी, मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर मिळते. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४ आहेत, म्हणून ८९९१ अधिक ३६०, म्हणजे ९३५१. अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत सुमारे नऊ हजार संख्या ५४ उत्तरांत गोळा होतात. ही ५४ उत्तरे एकेक तपासली की सगळ्या वाटा ६१७४ ला मिळतात हे कळते.

आणखी कोणत्या संख्या शोधल्या?

४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी आनंद देणारी या अर्थाने ‘हर्षद’ हे नाव दिले. योगायोगाने १९०५ ही हर्षद संख्या आहे. अंकांची बेरीज १५ आणि १५ गुणिले १२७ म्हणजे १९०५.

१२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. ही कल्पना त्यांना सुचली त्या डोंबिवली स्थानकाचे ते तेव्हाचे नाव. दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, अशी संख्या ‘देवळाली संख्या’. उदाहरणार्थ, १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात, पण २० अशा रीतीने कशातूनच मिळत नाही.

मग उपेक्षा का झाली?

देशातील अनेक गणितज्ञांनी हे काम गांभीर्याने घेतले नाही. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ६१७४ ची गंमत आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो त्यावर अवलंबून आहे. लिहिण्याची पद्धत बदलली की ती उरत नाही. त्यामुळे हा संख्येपेक्षा लिखाणाचा गुणधर्म ठरतो. कापरेकर थांबले नाहीत. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा शोध मांडला. पदरमोड करून ते परिषदांना जात आणि पुस्तिका छापत. १९६२ मध्ये निवृत्त झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना संशोधनासाठी अनुदान दिले. तरी १९६६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या.

दखल कधी घेतली गेली?

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि हे नाव जगभर गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पुढे इतरांनी त्यांचाच प्रश्न वेगवेगळ्या संख्यांना लावला. तीन अंकी संख्यांचा शेवट ४९५ वर होतो. पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही, त्या फेऱ्यांत फिरत राहतात. आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना ६१७४ चा सराव हमखास दिला जातो आणि संगणक सगळ्या संख्या क्षणात तपासतो. कापरेकरांनी ती वाट हाताने वजाबाक्या करत शोधली होती. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.