विश्लेषण : निरनिराळ्या देशांच्या मुलांना एका शिडाखाली आणणारे कुर्त हान कोण होते? त्यांचा पुणे जिल्ह्याशी काय संबंध?

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर एक निवासी महाविद्यालय आहे. तेथे भारतासह जगातील अनेक देशांची सोळा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली दोन वर्षे एकत्र राहतात आणि शिकतात. त्याच मुळशी तालुक्यातून वाहत येणारी मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि पुढे शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस व दौंड तालुक्यातील पारगावच्या परिसरात भीमेत विलीन होते. नदीचा हा प्रवास आपल्या परिचयाचा आहे. मात्र डोंगरावरच्या त्या महाविद्यालयामागची कल्पना कोठून आली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती आली थंड, वादळी समुद्रावरून. ती मांडणारे शिक्षक कुर्त हान यांना जाऊन पन्नास वर्षे उलटली. समुद्र, शिडाचे जहाज आणि परस्परांच्या शत्रू देशांतील मुले यांची सांगड त्यांनी का घातली, याचा हा आढावा.

कुर्त हान कोण होते?

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील उद्योजक होते. अठराव्या वर्षी हान यांना उन्हाचा जबर तडाखा बसला. दौंड-शिरूरकडे ऊन लागणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हान यांना मात्र त्याचा त्रास आयुष्यभर पुरला. प्रखर उजेड सोसवत नसल्याने ते रुंद काठाची टोपी घालून वावरत. आजारपणाचा मोठा काळ त्यांनी अंधाऱ्या खोलीत काढला. शाळा कशी असावी, याचा विचार त्याच काळात त्यांच्या मनात घोळू लागला.

पुढे ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डला आणि जर्मनीतील विद्यापीठांत शिकले. उन्हाळा टाळण्यासाठी ते स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील मोरे परगण्यात जाऊन राहत. तेथील थंड हवा, कोळ्यांची बंदरे आणि खवळलेला समुद्र यांच्याशी त्यांचा परिचय तेव्हाच झाला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले आणि इंग्रजी वृत्तपत्रे वाचून त्यांचा अर्थ सरकारला सांगण्याचे काम करू लागले. जर्मन साम्राज्याचे अखेरचे चॅन्सेलर प्रिन्स मॅक्स फॉन बाडेन यांचे ते निकटचे सहकारी झाले.

पहिली शाळा कशी सुरू झाली?

युद्धात जर्मनी हरला, राजेशाही संपली. प्रिन्स मॅक्स दक्षिण जर्मनीतील आपल्या सालेम येथील वाड्यात परतले. हा वाडा म्हणजे पूर्वीचा ख्रिस्ती मठ. तेथेच १९२० मध्ये दोघांनी मिळून शाळा काढली. पराभूत आणि कडवट झालेल्या देशात जबाबदार नागरिक घडवायचे, हा उद्देश होता. वर्गातील अभ्यासाबरोबर धावणे, उड्या मारणे, सुतारकाम, बागकाम आणि जवळच्या कॉन्स्टन्स सरोवरावर होड्या चालवणे हेही शाळेत असे. रोज थोडा वेळ प्रत्येकाने एकट्याने, शांतपणे काढायचा, असाही नियम होता. श्रीमंतांच्या मुलांना मोठेपणाच्या गुंगीतून बाहेर काढणे, हे या शाळेच्या लिखित तत्त्वांपैकी एक होते. त्यामुळे सरदार घराण्यांतील मुलांबरोबर साध्या घरांतील मुलांनाही तेथे जागा मिळे.

हिटलरशी संघर्ष का झाला?

ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा नावाच्या गावात नाझी टोळीने एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या घरात घुसून, आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले. न्यायालयाने पाच जणांना मृत्युदंड सुनावला, तेव्हा हिटलरने जाहीरपणे मारेकऱ्यांची पाठराखण केली. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कळवले की, आता हिटलर किंवा सालेम यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल. नाझी संघटनांत असलेल्यांनी एक तर ती निष्ठा सोडावी, नाही तर शाळेशी असलेले नाते.

हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा काही महिनेच उरले होते. एका शाळाप्रमुखाने, तेही ज्यू असलेल्या, असे पत्र लिहिणे म्हणजे स्वतःच्या अटकेचे निमंत्रणच होते. मार्च १९३३ मध्ये हान यांना तुरुंगात टाकण्यात आले. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्यासह तेथील मित्रांनी शब्द टाकल्यावर त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना देश सोडावा लागला. वयाच्या ४७ व्या वर्षी शाळा, घर आणि मायभूमी मागे राहिली.

समुद्र शाळेत कसा आला?

हान पुन्हा मोरेच्या किनाऱ्यावर आले आणि १९३४ मध्ये त्यांनी तेथे गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. सालेममधून आलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत ग्रीसच्या परागंदा राजघराण्यातील एक मुलगा होता. तो म्हणजे पुढे राणी एलिझाबेथ यांचे पती झालेले प्रिन्स फिलिप.

जवळच्या होपमन बंदरात शाळेच्या होड्या असत. मुले नौकानयन शिकत, शाळेच्या शिडाच्या जहाजांवरून लांबच्या सफरींवर जात. वादळी रात्री किनाऱ्यावर पहारा देण्याचे काम तटरक्षकांनी शाळेतील मुलांकडे सोपवले होते. हा पहारा खेळ नव्हता. संकटात सापडलेले जहाज नजरेतून सुटले, तर त्यावरची माणसे जीव गमावणार, हे पहाऱ्यावरच्या मुलाला ठाऊक असे. दुसऱ्याचा जीव आपल्या जागेपणावर अवलंबून आहे, हे एकदा कळले की पंधरा वर्षांचा मुलगा बदलतो, असे हान यांचे निरीक्षण होते.

जहाजच का?

शिडाच्या जहाजावर इंजिनाचे बटण नसते. वारा फिरला की शीड फिरवावे लागते, आणि ते एकट्याचे काम नसते. दोरावर सात-आठ जणांनी एकाच वेळी जोर लावावा लागतो. एकाने हात सैल सोडला तरी त्याचा परिणाम सगळ्यांना भोगावा लागतो. रात्रीचे पहारे वाटून घ्यावे लागतात. जागे असलेल्यावर विश्वास ठेवूनच बाकीचे झोपतात. कोण कोणत्या देशाचा, कोणत्या भाषेचा, कोणाचे वडील कोण, हे वाऱ्याला ठाऊक नसते. रुसून घरी निघून जाण्याची सोयही नसते.

आपल्याकडे १९२७ मध्ये मुंबई बंदरात डफरिन हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले होते. भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याचा मार्ग त्याने खुला केला. त्याच्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मात्र डफरिनचा हेतू खलाशी आणि अधिकारी घडवण्याचा होता. हान यांचा हेतू वेगळा होता. जहाजावर शिकलेला मुलगा पुढे डॉक्टर होवो, शेतकरी होवो वा कारकून, त्यांना फरक पडत नव्हता. समुद्र हे त्यांच्यासाठी शिकवण्याचे साधन होते.

महायुद्धाने या विचाराला कोणती दिशा दिली?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवत होत्या. लिव्हरपूलच्या ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांत चढलेल्यांपैकी धडधाकट तरुण आधी दगावत होते, तर वयस्क खलाशी तग धरत होते. जुन्या खलाशांची उमेदवारी शिडाच्या जहाजांवर झाली होती. वारा, लाटा आणि स्वतःचे शरीर यांचा अंदाज त्यांना होता. वाफेच्या जहाजांवर वाढलेल्या तरुणांना ते शिक्षण मिळाले नव्हते, असा निष्कर्ष होल्ट यांनी काढला.

होल्ट यांचा पैसा आणि हान यांची पद्धत एकत्र आली. १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरडोव्ही येथे सुमारे महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू झाला. जहाजांवरचे उमेदवार, कारखान्यांतील शिकाऊ कामगार आणि शाळकरी मुले तेथे एकाच होडीत बसली. या उपक्रमाला आउटवर्ड बाउंड असे नाव मिळाले. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी खलाशी हा शब्द वापरतात. पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. डोंगर, जंगल आणि वाळवंट हीही तिच्या शिक्षणाची ठिकाणे झाली.

शत्रू देशांची मुले एकत्र आणण्याची कल्पना कोठून आली?

प्रकृतीमुळे हान यांनी १९५३ मध्ये गॉर्डनस्टन सोडले. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, पॅरिसमधील नाटोच्या संरक्षण महाविद्यालयास त्यांनी भेट दिली. दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी तेथे एका वर्गात बसून एकाच प्रश्नावर डोके चालवत होते. हे प्रौढांना जमते, तर मने घट्ट होण्याआधी, सोळाव्या-सतराव्या वर्षी का जमू नये, असा विचार हान यांनी पुढे नेला. त्या महाविद्यालयाचे प्रमुख एअर मार्शल लॉरेन्स डार्व्हल हेही त्यांच्यासोबत आले.

सप्टेंबर १९६२ मध्ये वेल्समधील सेंट डोनॅट्स या किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. पहिल्या तुकडीत १२ देशांचे ५६ विद्यार्थी होते. पुढच्याच महिन्यात क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर पोहोचले, हे लक्षात घेतले तर या प्रयोगाची निकड कळते. प्रारंभी येथे फक्त मुलगे होते. १९६७ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

पहिले प्राचार्य डेस्मंड होअर हे निवृत्त नौदल अधिकारी होते. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवण्याचे काम येथेही विद्यार्थ्यांकडे होते. साध्या रबरी होड्या खडकाळ किनाऱ्यावर टिकत नसत. म्हणून होअर आणि विद्यार्थ्यांनी हवेच्या नळकांड्यांना टणक तळ जोडून पाहिला. अनेक प्रयोगांनंतर वेगवान आणि सहज न उलटणारी बचाव होडी तयार झाली. तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाला देण्यात आले. पुराच्या वेळी बचाव पथकांच्या रबरी होड्या भीमा-घोडकाठच्या लोकांनी पाहिल्या आहेत. त्यांच्याच जातीची, पण टणक तळाची ही होडी आज जगभरातील नौदले आणि तटरक्षक दले वापरतात.

पुणे जिल्ह्यापर्यंत हा प्रवास कसा पोहोचला?

अटलांटिक कॉलेजच्या धर्तीवर इतर देशांतही महाविद्यालये निघाली आणि त्यांना युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस हे नाव मिळाले. लॉर्ड माउंटबॅटन या चळवळीचे अध्यक्ष होते. सिंगापूरची संस्था १९७१ मध्ये सुरू झाली, कॅनडाची १९७४ मध्ये. त्याच वर्षी १४ डिसेंबरला हान यांचे सालेमजवळ निधन झाले. युद्धानंतर ते पुन्हा जर्मनीत जाऊ लागले होते. ज्या भूमीने हाकलले, तेथेच त्यांचा दफनविधी झाला.

उद्योगपती हरीश महिंद्र यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये मुळशीत महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज उभे राहिले. वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी त्याच्या इमारती डोंगराला साजेशा दगडात बांधल्या. येथे समुद्र नाही. पण पुस्तकी अभ्यासाबरोबर शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा अनिवार्य असणे, ही हान यांचीच परंपरा. योगायोगाने त्याच वर्षी गोवा शिपयार्डने बांधलेले तरंगिणी हे तीन डोलकाठ्यांचे जहाज भारतीय नौदलात दाखल झाले. उंच शिडांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तरंगिणी सहभागी झाले आहे. १९५६ पासून होणाऱ्या या शर्यतींत प्रत्येक जहाजावरील किमान निम्मे खलाशी १५ ते २५ वयाचे असावे लागतात.

आक्षेप कोणते?

हान यांच्या शाळा खर्चिक आणि म्हणून वरच्या वर्गाच्या राहिल्या, ही टीका जुनी आहे आणि ती निराधार नाही. कठोर दिनक्रम सगळ्यांना मानवतोच असे नाही. आजचे ब्रिटनचे राजे चार्ल्स यांचे गॉर्डनस्टनमधील दिवस सुखाचे नव्हते, हे सर्वश्रुत आहे. साहसाच्या शिक्षणात संवेदनशील मूल एकटे पडू शकते, याकडे हान यांच्या पिढीने पुरेसे लक्ष दिले नाही. दोन वर्षे एकत्र राहिल्याने युद्धे थांबतात का, हा प्रश्नही उरतोच.

शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी निवड देशोदेशीच्या समित्या करतात. गुणांबरोबर मुलाखत आणि स्वभाव यांना महत्त्व असते. शुल्क मोठे असले, तरी कुटुंबाची ऐपत पाहून शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हणजे दहावीनंतर ग्रामीण भागातील विद्यार्थ्यालाही अर्ज करण्याची वाट खुली आहे.

पण हान यांची मूळ शिकवण कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश न घेता वापरता येते. नदी, कालवा, विहीर आणि शेततळे आपल्या गावागावांत आहे. पोहणे, बुडणाऱ्याला दोर किंवा काठी टाकून बाहेर काढणे, प्रथमोपचार करणे हे आठवी-नववीच्या प्रत्येक मुला-मुलीला शाळेत शिकवता येईल. त्यासाठी किल्ला लागत नाही आणि शिडाचे जहाजही लागत नाही.