रमाबाईंनी काय काय सोडले

स्मरणिकेसाठी कोणा थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा चाळीस दिवसांचे उपास चालू होते. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत, म्हणून दोन शब्द सांगते. चातुर्मास आला की आपल्यातल्या कोणी कांदालसूण सोडतात, कोणी एकभुक्त राहतात. आम्हा ख्रिस्ती लोकांतही ईस्टर सणाच्या आधी असेच दिवस येतात. राखेच्या बुधवारी ते सुरू होतात. प्रभू येशूच्या दुःखांचे स्मरण करायचे, मनाची तयारी करायची आणि आवडीचे काही सोडायचे. मी दरवर्षी चहा सोडते आणि ईस्टरच्या सकाळी दुप्पट साखर घालून पिते. लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे ते खरे.

पंडिता रमाबाई ह्याच दिवसांत वारल्या. ५ एप्रिल १९२२, बुधवार. ईस्टरला अकरा दिवस उरले होते. ते वाचल्यापासून माझ्या मनात एकच आले, की ह्या बाईने आयुष्यभर काय काय सोडले ते एकदा नीट पाहावे.

पहिल्या पहिल्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, त्या त्यांच्या हातून हिसकावल्या गेल्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने पुढे रमाबाईंना शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर फिरे. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली, सगळी अन्नावाचून. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन ह्या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही गेला. त्याच १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो दुसऱ्या जातीचा, म्हणजे जातही सुटली. मनोरमा ही मुलगी झाली. ती वर्षाचीही नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, यजमान पटकीने गेले.

चोविसाव्या वर्षी इतके सारे संपले होते. आपण असतो तर अंथरूण धरले असते. बाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली शिक्षणासाठी विलायतेस गेल्या. तिथे वाँटेज गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे फार खळबळ उडाली.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाईंनी स्वतःची बुद्धीही सोडून दिली, असे मात्र कोणी समजू नये. वाँटेजच्या जोगिणींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डाईन ह्यांच्याशी, त्यांचे किती वाद झाले! धर्माधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना कधी पटले नाही. मनोरमेला काय शिकवावे हेही त्या स्वतः ठरवीत. आणि शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. ज्यांना आपण त्यागी म्हणतो त्यांनी काय धरून ठेवले, हेही पाहावे असे मला वाटते.

अमेरिकेत फिरून, पुस्तक लिहून, मदत मिळवून त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. बालविधवांसाठी ते घर होते. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या बाया. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली जाऊन बसत. त्यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांत टीका झाली, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालक मुलींना काढून नेऊ लागले. दार लावून घेतले असते तर सगळे वाचले असते. त्यांनी लावले नाही. मुलींच्या आईबापांचीही एक बाजू होती, हे मी मुलींची आई म्हणून नाकारीत नाही. पण लोकांत मिळालेला मान त्या वर्षी बाईंनी आपल्या हाताने सोडला, एवढे खरे.

ह्याच काळाविषयी त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही. एवढ्या विद्वान बाईने हे कबूल करायचे म्हणजे केवढी गोष्ट!

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. ज्या उपासमारीने आईबाप नेले तीच पुन्हा समोर आली. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका व मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून ही माणसे केडगावच्या शेतावर ठेवली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाताने चाले. केडगावचे काम आजही चालू आहे.

आता मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट. उतारवयात बाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात त्यांचा हात धरणारी बाई त्या काळी नव्हती. मनात आणते तर असे भारदस्त भाषांतर केले असते की पंडितांनी माना डोलवाव्यात. त्यांनी उलटे केले. खेड्यातल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल असे साधे शब्द शोधीत बसल्या. जी विद्या आईच्या तोंडून मिळाली, जिच्यावर पदवी मिळाली, ती दाखवण्याचा मोह त्यांनी सोडला. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे, ओळीओळीला. आज बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत दुसरेच भाषांतर वाचतात. तरी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईसाठी कोणी पंडिता इतकी खपली, हे आठवले की डोळ्यांत पाणी येते.

काम संपत आले आणि २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आईच्या मागे तीच सारे सांभाळणार होती. जगात रक्ताचे म्हणून तेवढेच एक माणूस उरले होते. स्वतः बाई थकल्या होत्या. ह्यावर मला काही लिहिता येत नाही.

त्यानंतरचे आठ महिने त्या मुद्रिते तपासत राहिल्या. मुलीने सांभाळायचे ते काम दुसऱ्यांच्या हाती सोपवले. उन्हाळा लागला, राखेचा बुधवार १ मार्चला झाला, आणि पुढच्या महिन्यात बाईंनी डोळे मिटले. छापखान्यात दुष्काळातून आणलेल्या मुली आता बाया झाल्या होत्या. खिळे जुळवायला तिथल्याच बायका होत्या. १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून ते शास्त्र छापून बाहेर आले.