साथीदार सुटत गेले, तरी विल्यम कॅरी ४० वर्षे कामावर कसे टिकून राहिले?

मराठी भाषेच्या इतिहासात विल्यम कॅरी हे नाव हमखास येते. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले. १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आला. पंडित वैजनाथ शर्मा यांची त्यात त्यांना मोठी मदत झाली. हे सगळे काम बंगालमध्ये, कोलकात्याजवळच्या सेरामपूरला झाले.

कॅरी मूळचे इंग्लंडमधले जोडे शिवणारे कारागीर. जन्म १७६१ चा. पुढे ते बाप्टिस्ट पंथाचे पाळक झाले. १७९२ मध्ये त्यांनी काही मोजक्या सहकाऱ्यांसोबत परदेशी धर्मसेवेसाठी एक संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ते कुटुंबासह भारतात आले. त्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत.

पण या ४० वर्षांत त्यांना सर्वात जास्त त्रास झाला तो विरोधकांचा नाही, तर आपल्याच माणसांचा.

पहिला धक्का

कॅरींसोबत जॉन थॉमस नावाचे डॉक्टर आले होते. ते आधी बंगालमध्ये राहून गेलेले, बंगाली जाणणारे. श्रद्धा मनापासूनची, पण पैशाच्या बाबतीत हात फार सैल. जुनी देणी डोक्यावर होती. कोलकात्यात पोचल्यावर संस्थेने दिलेले पैसे बघता बघता संपले आणि परक्या शहरात कॅरींच्या कुटुंबाची खाण्यापिण्याची भ्रांत झाली.

पुढे थॉमस यांच्याच ओळखीतून कॅरींना मदनाबाटी इथल्या निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली. पण १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. पत्नी डोरोथी यांची भारतात यायची मुळात इच्छा नव्हती. त्यांचे मानसिक संतुलन ढासळले, ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. कॅरींच्या चिकाटीची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली, हे विसरता येत नाही.

मुनशी रामराम बसू हे कॅरींचे बंगाली शिक्षक. ते लवकरच ख्रिस्ती होतील अशी कॅरींना आशा होती. पण १७९६ मध्ये नैतिक आरोपांवरून त्यांना कामावरून दूर करावे लागले. सात वर्षे उलटली तरी एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्या काळात कॅरी बंगाली नव्या कराराचे भाषांतर करत होते.

सेरामपूरचे दिवस

१८०० मध्ये कॅरी सेरामपूरला आले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, पण सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते. इथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे खंबीर साथीदार मिळाले. सर्वांची कमाई एका सामायिक खात्यात जायची. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. तिथला पगार पुढे महिन्याला १००० रुपयांवर गेला, पण त्यातला बहुतेक पैसा मिशनच्या कामाला जात असे.

कॉलेजात माणसे नेमायची वेळ आली तेव्हा कॅरींनी रामराम बसूंना पुन्हा जवळ केले. बसूंचे राजा प्रतापादित्यांवरचे पुस्तक बंगाली गद्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

१८१२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि अनेक वर्षांची हस्तलिखिते जळाली. कॅरींनी ती कामे पुन्हा हातात घेतली.

घरातलेच दूर गेले

मोठा मुलगा फेलिक्स ब्रह्मदेशात धर्मसेवेला गेला होता. १८१४ मध्ये नदीत बोट उलटून त्याची पत्नी आणि मुले बुडाली. त्यानंतर तो ब्रह्मदेशाच्या राजाचा दूत म्हणून कोलकात्यात आला. लोकांना ही बढती वाटली. वडिलांना मात्र मुलगा सेवेतून सुटल्याचे दुःख झाले. तरी त्यांनी घराचे दार बंद केले नाही. १८१८ मध्ये फेलिक्स सेरामपूरला परतला आणि १८२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच काम करत राहिला.

१८१५ मध्ये इंग्लंडमधले जिवलग मित्र अँड्र्यू फुलर वारले. संस्थेच्या कारभारात आलेल्या नव्या मंडळींना सेरामपूरच्या मालमत्तेवर ताबा हवा होता. ती मालमत्ता बऱ्याच अंशी कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांच्या स्वतःच्या कमाईतून उभी राहिली होती. तरी त्यांनी पैसा केल्याची कुजबुज इंग्लंडमध्ये पसरली. मदतीला आलेले तरुण मिशनरी सेरामपूर सोडून कोलकात्यात वेगळे झाले. त्यात कॅरींचा सख्खा पुतण्या युस्टेसही होता. १८२७ मध्ये तर ज्या संस्थेच्या स्थापनेत कॅरी पुढे होते, तिच्याशीच सेरामपूरचे नाते तुटले.

मग ते टिकले कसे?

कॅरी भांडणात जिंकले म्हणून टिकले, असे नाही. सोबत कोण आहे यावर त्यांनी आपले काम अवलंबून ठेवले नाही, हे त्याचे खरे उत्तर. सकाळी प्रार्थना, बागेत फेरी, मग पंडितांसोबत भाषांतर, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुरावलेल्यांना परतायची वाटही त्यांनी मोकळी ठेवली.

१८३० च्या सुमारास कोलकात्यातल्या मोठ्या व्यापारी पेढ्या बुडाल्या, तेव्हा मिशनचे पैसेही गेले. कॉलेजातले पदही संपले. सत्तरीतले कॅरी तेव्हा बंगाली बायबलची सुधारित आवृत्ती तयार करत होते. १८३२ मध्ये ती पूर्ण झाली.

९ जून १८३४ रोजी सेरामपूरला त्यांचे निधन झाले. संस्था आणि सेरामपूर यांच्यातला दुरावा १८३७ मध्ये मिटला, पण तो पाहायला कॅरी राहिले नव्हते. १८१८ मध्ये तिघांनी सुरू केलेले सेरामपूर कॉलेज मात्र आजही चालू आहे.